सामान बेटावर सुखरूप

आदरणीय व्याहीबुवांस,

वाकून नमस्कार करायला गेलो तर परत सरळ व्हायला दुसऱ्याची मदत लागते, म्हणून हा उभ्याउभ्याच, पण मनापासूनचा नमस्कार. विहीणबाईंनाही तो पोचता करावा. आम्ही इकडे खुशाल आहोत. तुमच्या गुडघ्याचं काय म्हणणं आहे? सूनबाई सांगत होती की डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटल्यापासून तुम्ही मुद्दाम गच्चीवर जाऊन येता, डॉक्टरांचं म्हणणं खरं आहे का ते पडताळून पाहायला. खोकला गेला असेल. झोप लागतेच असं धरून चालतो. (मागच्या खेपेला तुमच्या शेजारच्या खोलीत झोपलो होतो, तेव्हा तुमच्या झोपेविषयी मला शंका नाही. माझ्या झोपेविषयी सकाळी तुम्ही विचारलं नव्हतंत, ते बरंच केलंत.)

या पत्रातलं अक्षर नेहमीपेक्षा बरंच मोठं आहे आणि ओळी उजवीकडे घसरत गेल्या आहेत. तुम्ही पडलात निवृत्त मुख्याध्यापक, तेव्हा तुमचा हात आपोआप लाल पेनाकडे जाणार. ते पेन जागेवर नसेल तर कृपा करून विहीणबाईंना विचारू नका. या दोन्ही गोष्टींची कारणं पुढे ओघात येतील.

पत्र लिहायचं मुख्य कारण असं की आमच्या बेटाच्या सहलीबद्दल तुमच्या कानावर अर्धवट बातमी गेली आहे. सूनबाईनं, म्हणजे तुमच्याच कन्येनं, ती फोनवर हसत हसत सांगितली आणि तुम्ही ती हसत हसत ऐकलीत, एवढं मला पलीकडच्या खोलीतून कळलं. अर्ध्या बातमीनं माणसाची बदनामी होते. पूर्ण बातमी कळली तर माझा गौरवच होईल याची मला खात्री आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मागच्या वर्षी तुम्ही आम्हा सगळ्यांना डोंगरावर नेलंत. फार छान झाली ती सहल. (बस चुकली ती गोष्ट मी कुणालाही सांगत नाही. ज्यांना सांगितली त्यांनाही पुढे सांगू नका असं बजावलं आहे.) तुम्ही आमची हजेरी घेत होतात, मुलांना रांगेत उभं करत होतात, तेव्हाच मी मनाशी ठरवलं की पुढची सहल आपण काढायची आणि ती अशी काढायची की कुणाला बोटसुद्धा उचलावं लागू नये.

दक्षिणेकडे, किनाऱ्यापासून बोटीनं थोडं आत, एक लहानसं बेट आहे. शांत वाळू, थोडी झाडं आणि समुद्राकडे तोंड करून बसलेलं एक विश्रामगृह. पाचही जणांनी जायचं ठरलं. मुलगा, सूनबाई आणि नात गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात, त्यांना मी आठवडाभर आधीच आमच्याकडे राहायला बोलावून घेतलं, कारण माल वेगवेगळ्या ठिकाणांहून उचलला की हमखास घोळ होतो. मग सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवून मी प्रत्येकाला विचारलं, सुट्टीत तुम्हाला काय हवं? मुलगा म्हणाला, झोप. सूनबाई म्हणाली, एक जाड पुस्तक आणि ते हातातून कुणी काढून घेऊ नये. नात म्हणाली, खड्डा. आमची ही ओट्याशी ताटं पुसत उभी होती. ती मागे न वळता म्हणाली, "मला काही नको. फक्त चार दिवस मला कुणी 'अमुक कुठे ठेवलंय' असं विचारू नका." मी म्हटलं, उत्तम, हे लिहूनच ठेवतो, आणि तिला विचारलं, पेन कुठे आहे?

व्याहीबुवा, पेनाच्या जागी तिनं माझ्या हातात एक ओलं ताट आणि फडकं दिलं. पण मी ते मनावर घेतलं. आमच्या लग्नाला किती वर्षं झाली ते तुम्हाला ठाऊक आहे (आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला भाषण तुम्हीच केलंत, आणि संपवलंत उशिरा). इतक्या वर्षांत तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. आणि आता मागितलं तेही काय, तर वस्तू नाही, दागिना नाही, एक न विचारलेला प्रश्न. हे तिला मिळालंच पाहिजे असं मी ठरवलं. बाकीच्यांची झोप, पुस्तक आणि खड्डा मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी चालेल, पण हिचे चार दिवस चुकता कामा नयेत.

आता माझ्या कामाबद्दल थोडं लिहितो. तुम्ही मला 'खोकी बांधणारे' म्हणून लोकांना ओळख करून देता. मी काचसामानाच्या कारखान्यात डिस्पॅचचा प्रमुख होतो. पेले, बरण्या, दिव्यांच्या हंड्या, आरसे, सगळं माझ्या हाताखालून पेंढ्यात जायचं आणि खाचखळग्यांच्या रस्त्यानं जाऊन जसंच्या तसं उतरायचं. एकदा एक झुंबर, ज्याला हात लावायला मालकसुद्धा घाबरायचे, मी घाटातून पाठवलं आणि त्याचा एक लोलकही हलला नाही. मालकांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली होती. (ती जरा जोरात बसली, पण मी तेव्हा बोललो नाही.) तर आमच्या खात्याचा नियम एकच: माल आधी, माणूस मागाहून. माल आधी पोचून जागेवर लागला की माणूस मोकळ्या हातांनी जातो. घरातले 'कुठे आहे' हे प्रश्न येतात कधी? सामान भरताना आणि सामान काढताना. हे दोन्ही प्रसंगच उडवून टाकले तर हिला कोण काय विचारणार? सामान मी भरणार, ते आमच्या आठवडाभर आधी बेटावर जाणार, तिथे खुंट्यांवर टांगलं जाणार. आम्ही नंतर हात हलवत उतरणार. योजना इतकी साधी होती की मला स्वतःचाच हेवा वाटला.

विश्रामगृहाच्या राखणदाराशी मी फोनवर सगळं ठरवून घेतलं. भिंतीला खुंट्या पुरेशा आहेत का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "साहेब, लोक समुद्राचं विचारतात." मी म्हटलं, समुद्र असणारच, तो कुठे जातोय, तुम्ही खुंट्यांचं बोला. पुढे पुढे त्याला माझी पद्धत पटली असावी, कारण तो प्रत्येक वाक्यानंतर नुसतं "बरं" म्हणू लागला. शिवाय मी विश्रांतीचा एक आराखडा करून फ्रिजवर लावला: लाटा पाहणे, सावलीत पडणे, पाण्यात पाय बुडवणे, पुन्हा सावलीत पडणे. सूनबाईनं तो नीट वाचला आणि विचारलं, "बाबा, यात नुसतं बसायचं कधी?" मी सांगितलं की बसणं सगळ्या रकान्यांत धरलेलंच आहे. ती हसली. तुमच्याच घरातून ही चिकित्सेची सवय आली आहे, पण मुलगी गुणाची आहे.

मग आला भरण्याचा दिवस. मी आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं, ज्या वस्तूवाचून तुमचं अडतं ती प्रत्येक वस्तू सकाळी टेबलावर आणून ठेवा. सगळ्यांनी अगदी शिस्तीत ठेवल्या. मुलानं त्याचे एकमेव न चावणारे बूट, दाढीचं सामान आणि सगळ्या फोनांचे चार्जर ठेवले. सूनबाईनं जाड पुस्तक आणि तिची पाठीची उशी. नातीनं तिचा कापडी हत्ती, ज्याच्यावाचून ती झोपत नाही, आणि टीव्हीचा रिमोट. (रिमोट हत्तीच्या पोटाखाली होता, त्यामुळे तपासणीत सुटला.) हिनं ओट्यावरच्या अशा वस्तू आणल्या ज्या कुठल्याही परक्या स्वयंपाकघरात धड नसतात: गाळणी, धार असलेली सुरी, डबे उघडायची किल्ली, कात्री, सुईदोरा, गॅसचा लायटर. मी माझा वाचायचा चष्मा ठेवला, कारण खात्याच्या प्रमुखानं स्वतः नियम पाळला तरच बाकीचे पाळतात. हिचा चष्माही त्याच्या शेजारी आला. दोन्ही चष्मे शेजारी शेजारी बरे दिसत होते.

इथे एक छोटासा मतभेद झाला, ज्याला सूनबाई घोटाळा म्हणते. घरच्या मंडळींचा समज असा झाला की टेबलावरच्या वस्तू मी नुसत्या पाहणार, किती जागा लागेल याचा अंदाज घेणार आणि परत देणार. असं मी म्हणालो नव्हतो. आमच्या कारखान्यात भरणीच्या टेबलावर आलेला माल परत जात नसे, हे मला इतकं स्वाभाविक होतं की ते सांगायला हवं असं सुचलंच नाही. ही सगळी मंडळी उन्हाच्या टोप्या आणायला बाजारात गेली. मी एकटा, दार बंद करून, मन लावून कामाला लागलो. माणसागणिक सामान भरणं ही हौशी लोकांची पद्धत. मी फुटण्यागणिक भरलं. एका खोक्यात नाजूक, एकात मध्यम, एकात दणकट. नाजूकमध्ये चष्मे, चार्जर आणि हत्ती (तो गादीसारखा उपयोगी पडला, आणि त्याच्याबरोबर नकळत रिमोटही गेला). सांगायला अभिमान वाटतो की खोका हलवून पाहिला तर आतून चूं की चां नाही. ट्रान्सपोर्टवाला वेळेवर आला, तिन्ही खोकी चढली, त्यानं पावती दिली आणि ट्रक कोपऱ्यावरून वळला.

मंडळी परतली तेव्हा मी दारातच पावती हातात धरून उभा होतो. पाठीवर थाप मिळेल अशी अपेक्षा होती. मुलानं रिकाम्या टेबलाकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबा, सगळं कुठे गेलं?" मी म्हटलं, रवाना. त्यानंतर काही वेळ घरात जे बोललं गेलं त्यात माझ्या कौतुकाचा भाग कमी होता. मुलाचं म्हणणं, ट्रक अजून गावातच असेल, फोन करून वळवा. निघालेला माल परत बोलवायचा नाही हे तत्त्व मी त्याला समजावून सांगितलं. सूनबाईचा चेहरा त्या वेळी हुबेहूब तुमच्यासारखा दिसला आणि मी दोन पावलं मागे सरलो. नात हत्तीसाठी रडली. तिला मी सांगितलं की हत्ती पुढे जाऊन तुझ्यासाठी खड्ड्याची जागा बघतोय, तेव्हा कुठे ती थांबली. ही मात्र आत जाता जाता दाराशी थबकून मला एवढंच म्हणाली, "आता बघा, आठवडाभर मला सगळे काय काय विचारतील."

हे मला लागलं. कारण तिचं चुकत नव्हतं. त्या संध्याकाळी घरात एकच गजर चालू होता: आई, रेझर कुठे, आई, चार्जर कुठे, आजी, रिमोट कुठे. सामान ट्रकमध्ये आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी सवयीनं तोंडातून प्रश्न निघायचाच आणि तो हिच्याकडेच जायचा. ती सुरुवातीला सांगत होती, मग चिडत होती, मग नुसती हात वर करत होती. जिच्यासाठी एवढा खटाटोप केला तिलाच दुप्पट ताप झाला होता. मी फ्रिजवरचा आराखडा काढून ठेवावा की काय असं मनात आलं. पण काढला नाही.

त्यातच समुद्र बिघडला. आमचं सामान ज्या बोटीनं पलीकडे गेलं ती शेवटची, त्यानंतर बोटी बंद. राखणदाराचा फोन आमच्या घरच्या जुन्या, वायरच्या फोनवर आला (बाकीचे सगळे फोन चार्जरअभावी निपचित पडले होते). तो म्हणाला, सामान सुखरूप आलंय, समुद्र शांत होईपर्यंत तुम्ही घरीच थांबा. आणि पुढे म्हणाला, "बाई आहेत का? कुठली वस्तू कुठे ठेवायची ते विचारायचं होतं."

व्याहीबुवा, समुद्रापलीकडचा, कधी न पाहिलेला माणूस, त्यालाही हेच! मी फोन घट्ट धरला आणि म्हणालो, मला विचारा. मग मी त्याला एकेक वस्तू सांगत गेलो. चष्मे खिडकीपाशी, पण उन्हात नको. गाळणी चुलीच्या उजव्या हाताला. उशी व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत. हत्ती पलंगावर, तोंड समुद्राकडे. इतक्या वर्षांत आमच्या घरात 'कुठे' या प्रश्नाला मी उत्तर देतो आहे असं पहिल्यांदा घडत होतं, त्यामुळे मुलगा, सूनबाई आणि नात एकेक करत दारात येऊन उभी राहिली. आतला नळ बंद झाला. ही ओल्या हातांनी आतून ऐकत होती. मी फोन ठेवला, तेव्हा वातावरण आदराचं होतं.

त्यानंतर ही बाहेर आली ती वेगळीच होऊन. मुलानं सवयीनं विचारलं, "आई, कात्री कुठे आहे?" ती म्हणाली, "बेटावर." सुई? बेटावर. लायटर? बेटावर. राग नाही, वैताग नाही, एक शब्द आणि संपलं. दुसऱ्या दिवशी तर प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर यायला लागलं. चहा गाळणीशिवाय, तळाशी पत्ती बसेपर्यंत वाट पाहून प्यायचा, आणि नवं काही बाजारातून आणायचं नाही, कारण सगळं तिकडे पडलेलंच आहे, दोन दिवसांत जायचंच आहे. रोज संध्याकाळी राखणदार फोन करायचा, समुद्र अजून खवळलेला आहे, सामान मजेत आहे. शेजारच्या बाई शिडी मागायला आल्या. हिनं खुर्चीतूनच सांगितलं, "बेटावर." त्या आ वासून परत गेल्या. (शिडी दारामागेच होती. मी ती झाकून उभा राहिलो.)

मग मला कळलं की ही काय करते आहे. जे बेटावर नाही तेही ती बेटावर पाठवते आहे. मीठ बेटावर, इस्त्री बेटावर, जुनी चादर बेटावर. मी कुणाला बोललो नाही. आणि गंमत बघा, विचारायची सोय राहिली नाही तशी मंडळी स्वतः शोधायला लागली. मुलगा एक दिवस कपाटातून इस्त्री घेऊन असा बाहेर आला की कुणाला वाटावं, खणून काढली. या घरात इस्त्री खालच्या कप्प्यात राहते हे त्याला या वयात समजलं, पण समजलं. मीठ मी शोधलं. ते मिठाच्या बरणीत होतं. सूनबाईनं टाळ्या वाजवल्या. सूनबाईचं पुस्तक गेलं होतं तर तिनं आमच्या माळ्यावरची जुनी मासिकं काढली आणि ती कुणी तिच्या हातातून काढून घेतली नाहीत. मुलगा दुपारी झोपला, कारण फोन बंद होता. नातीनं गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत खड्डा केला. (कुंडीतल्या झाडाचं काय झालं ते विचारू नका.)

आणि ही. आमच्या गॅलरीत एक वेताची खुर्ची आहे, तुम्ही तीत बसून ती थोडी वाकवली होतीत ती. ही खुर्चीत नेहमी पुढे सरकून, अर्धी, बसते, कुणी हाक मारली की लगेच उठता यावं अशी. त्या आठवड्यात एकदा मी दारातून पाहिलं तर ती पाठ टेकून बसली होती. पाय स्टुलावर. हातात काही नाही, मांडीवर निवडायला काही नाही. समोर रस्ता होता, दुकानाचं शटर, एक सायकल, बघण्यासारखं काहीही नाही, आणि ती ते बघत होती. चेहरा असा की मी तो लग्नाच्या आधी, आम्ही जिथे भेटायचो त्या बागेत, पाहिला असेन. मला फार बरं वाटलं. मी पाऊल न वाजवता मागे फिरलो आणि स्वतःचा रुमाल स्वतः शोधला.

तेव्हा लोक काहीही म्हणोत, माझी योजना यशस्वी झाली. कुठल्या सहलीत माणसं थकून परत येतात, हे तुम्ही जाणता. (डोंगर. बस. पुढे लिहीत नाही.) माझ्या सहलीत घरातून कुणी निघालंच नाही आणि सगळे ताजेतवाने झाले. सामान सुखरूप पोचलं, एकही काच फुटली नाही. मुलाची आणि सूनबाईची रजा मात्र समुद्रानं खाल्ली, आणि ती दोघं परवा नातीला घेऊन त्यांच्या घरी गेली. जाताना सूनबाई मला वाकून नमस्कार करून म्हणाली, "बाबा, इतकी चांगली सुट्टी मी आजवर कधी घेतली नव्हती." हे वाक्य ती तुम्हाला फोनवर सांगायला विसरली असेल, म्हणून इथे जसंच्या तसं दिलं आहे.

चष्मा बेटावर असल्यामुळे हे सगळं अंदाजानं लिहिलं आहे. एखाद्या ओळीवर दुसरी ओळ चढली असेल तर दोन्ही वाचाव्यात. प्रकृतीला जपा, जिने चढू नका, आणि थोरल्या माणसानं सांगितलं म्हणून नव्हे तर माझ्या लोभापायी तरी ऐका.

तुमचा,
डिस्पॅचवाला व्याही

ता. क. : काल बोटी सुरू झाल्या. राखणदाराचा फोन ऐकून मी आराखडा पुन्हा सरळ केला. तेव्हा ही म्हणाली, "मी जाते. पण तुमच्याबरोबर नाही." मी बसलो. ती म्हणाली, सगळं सामान तिथे जागेवर लागलंय, आणि विचारणारं तिथे कुणी नाही, असं पुन्हा कधी जमून येणार? मी आराखड्यात त्याचं उत्तर शोधलं. पण मुद्दा बिनतोड होता, आणि मूळ कल्पना शेवटी माझीच.

ता. क. दुसरं : हे पत्र पोस्टानं येणार नाही. ते तुमच्या हातात देणारी बाई म्हणजे आमची हीच. तुमचं गाव धक्क्याच्या वाटेवरच पडतं. तिला पाणी द्या, बसवा, पण फार बोलत ठेवू नका, बोट चुकेल. (तुम्हाला अनुभव आहे.) विहीणबाई तयार होऊनच बसल्या असतील. त्यांचं दोघींचं फोनवर कधीच ठरलं आहे, तुम्हाला सांगायचं काम माझ्याकडे होतं, तेवढ्यासाठी हे पत्र. त्यांची बॅग शोधू नका. बॅग नाही. काही न्यायचंच नाही, सगळं तिथे आहे.

ता. क. तिसरं : तुम्ही तिथे एकटे काय करणार? चष्मा कपाळावर असताना तो कुठे आहे हे सांगणारं घरात कुणी नसेल. त्यापेक्षा इकडे या. मीही एकटाच आहे. मीठ आणि इस्त्री मी तुम्हाला दाखवू शकेन.

ता. क. शेवटचं : ती दारात चप्पल घालते आहे. आत्ता वळून तिनं विचारलं, "चहाचा डबा कुठे आहे माहीत आहे ना तुम्हाला? की थांबून दाखवू?" मी म्हटलं, माहीत आहे, तू नीघ. मला माहीत नाही. पाकीट तिच्या देखत चिकटवतो आहे, म्हणजे वाटेत उघडून ती परत फिरणार नाही. येताना चहा तेवढा घेऊन या. साखर मी कालच शोधून ठेवली आहे.